जुन्या गाडीला नवे टायर घालायचे आहेत: माप, वय, कंपनी आणि नागपूरचा उन्हाळा

मानेवाडा_रोड:

नमस्कार मंडळी. २०१६ सालची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय नुकतीच ओळखीच्या एका कुटुंबाकडून विकत घेतली. इंजिन, क्लच आणि कागदपत्रे पाहून समाधान झाले, परंतु टायरच्या बाबतीत मन निश्चिंत नाही. पुढच्या दोन टायरवर १७५/६५ आर १४ असे माप आहे आणि मागच्या दोघांवर १६५/८० आर १४. कंपन्याही निरनिराळ्या आहेत. चारही टायर काळेभोर आणि चकचकीत दिसतात, मागच्यांची नक्षी तर बरीच खोल आहे, त्यामुळे ते आणखी दोन वर्षे सहज चालतील असे विकणाऱ्यांचे म्हणणे होते.

गाडीचा वापर रोज मानेवाड्याहून मिहानला जाण्यायेण्यासाठी, अधूनमधून वर्ध्याला, आणि दिवाळीत व मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नाशिकला असा राहील. लांबच्या प्रवासात आई, पत्नी, दोन्ही मुले आणि सामान, म्हणजे गाडी पूर्ण भरलेली असते. एका दुकानदाराने १५ इंची अलॉय चाके घालून रुंद टायर बसवण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने, पुढचे दोनच बदला, मागचे उत्तम आहेत, असे सांगितले. कोणाचे ऐकावे आणि कोणत्या कंपनीचे टायर घ्यावेत, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चाकोरी:

भाऊ, कंपनीचा प्रश्न शेवटी येतो. आधी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडा आणि दाराच्या खांबावर चिकटवलेली पाटी वाचा. तुमच्या व्हीएक्सआयच्या पाटीवर १६५/८० आर १४ हेच माप असेल. पुढचे टायर त्या मापाचे नाहीत आणि हा फरक किरकोळ मुळीच नाही.

१६५/८० आर १४ याचा अर्थ असा की टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. वरची आणि खालची भिंत धरून चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर होतो. हाच हिशेब १७५/६५ आर १४ साठी केला तर व्यास ५८३ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या गाडीची पुढची चाके मागच्यांपेक्षा जवळजवळ ६ टक्के लहान आहेत. गाडीचे नाक साधारण १८ मिलिमीटर खाली बसले आहे आणि गतिरोधकावर तळ घासण्याची शक्यता तेवढी वाढली आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा भाराचा. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर छापलेले असते. १६५/८० आर १४ च्या टायरवर बहुधा ८५ असतो आणि १७५/६५ आर १४ वर ८२. ८५ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५१५ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. प्रत्येक चाकामागे ४० किलो क्षमता कमी झाली, आणि तीही ज्या आसावर इंजिनाचे वजन आहे त्या पुढच्या आसावर. अक्षर वेगमर्यादा दाखवते: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. पाटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो भार आणि जो वेग दिला आहे, त्यापेक्षा खालचा टायर, कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी, घेऊ नये.

१५ इंची चाकांबद्दल सांगायचे तर त्याच स्विफ्टच्या वरच्या प्रकारात कंपनी स्वतः १८५/६५ आर १५ देत असे. त्याचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाच्या अगदी जवळ, त्यामुळे ते माप तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही. मात्र टायरची भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते आणि चाकांचा खर्च वेगळा पडतो. पाच माणसे आणि सामान घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला उंच भिंतीचा टायर खड्ड्यात जास्त सांभाळून घेतो, म्हणून मी मूळ १४ इंची मापावरच राहण्याच्या मताचा आहे. कंपनीने त्या गाडीसाठी मंजूरच न केलेले माप मात्र घालू नये. उद्या विम्याचा दावा करावा लागला तर त्यावरून वाद उभा राहू शकतो.

ऋतुगंधा:

चाकोरी यांनी मापाचे सविस्तर सांगितले आहे, मी वयाबद्दल लिहिते, कारण जुन्या गाडीत खरी फसगत तिथे होते.

प्रत्येक टायरच्या एका भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हे चार अंक बहुधा एकाच बाजूला असतात, आणि टायर बसवताना ती बाजू आत गेली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी पुढची चाके पूर्ण वळवून मोबाइलचा टॉर्च आत धरावा. मागच्यांसाठी खाली वाकावेच लागते.

दुसरे असे की 'काळेभोर आणि चकचकीत' हे गाडी विकण्याआधी फासलेल्या पॉलिशचे लक्षण असू शकते. ओला फडका आणि थोडा साबण घेऊन भिंतीचा हातभर भाग स्वच्छ पुसून काढा, वाळू द्या आणि मग उन्हात नीट पाहा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि भिंत जिथे रिमला भिडते तिथे केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले, तर रबर वाळले आहे असे समजावे. उष्णता, ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर उभ्या गाडीवरही म्हातारे होते, त्याला धावण्याची गरज लागत नाही. त्यामुळे कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी खोल असते आणि रबर मात्र संपलेले असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर वापर बंद, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. काही गाडी उत्पादक तर सहा वर्षांतच बदलण्याचा सल्ला देतात. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गाड्या दिवसभर उघड्यावर उभ्या असतात, तिथे मी स्वतः सहा वर्षांच्या बाजूची आहे.

मानेवाडा_रोड:

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी फडका मारून सर्व पाहिले. दारावरच्या पाटीवर १६५/८० आर १४ हेच आहे. मागच्या दोन्ही टायरवर २०१६ च्या सुरुवातीचा आठवडा आहे, म्हणजे ते गाडीसोबत आलेलेच मूळ टायर आहेत. पॉलिश निघाल्यावर नक्षीच्या खाचांत ताईंनी वर्णन केलेल्या तशाच भेगा दिसल्या. पुढचे दोन टायर २०२१ चे आहेत. त्यांची नक्षी मधोमध ठीक आहे, परंतु दोन्ही टायर आतल्या कडेला इतके घासले आहेत की तिथे नक्षी उरलेलीच नाही. बाहेर उभे राहून हे अजिबात दिसत नव्हते. स्टेपनीही २०१६ ची आहे आणि ती बहुधा जमिनीला लागलेलीच नाही.

चाकोरी:

या घासण्यातून गाडीचा मागचा इतिहास वाचता येतो, म्हणून ते जुने टायर काढण्यापूर्वी त्यांचे फोटो घेऊन ठेवा. मधला पट्टा झिजला असेल तर हवा सतत जास्त ठेवली गेली. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सतत कमी राहिली. एकाच बाजूची कड झिजली असेल तर चाकांचे कोन बिघडलेले असतात. नक्षीवरून आडवा तळहात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे टोचत असेल तर टो-इन किंवा टो-आउट, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडले आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअबसॉर्बर थकलेले असतात किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे, कधी झालेलेच नसते.

तुमच्या गाडीत पुढची दोन्ही चाके आतून घासली आहेत. केवळ अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, यंत्रावर गाडी चढवून आकडे हिरवे करून घेऊ नका. आधी चाकाला धरून ठेवणारे सस्पेन्शन व स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके, तपासून घ्या. त्यांत ढिलाई असेल तर आज जुळवलेले कोन आठवडाभरात पुन्हा बिघडतील आणि नवे टायरही त्याच कडेने झिजतील. सस्पेन्शनचे काम आधी, टायर नंतर आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी हाच क्रम योग्य होय.

नक्षीच्या खोलीविषयीही लिहितो. नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही संपला. भिंतीवर लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरे असतात, त्यांच्या रेषेत पाहिले की हे उंचवटे सापडतात. परंतु पावसाळ्यात १.६ ची वाट पाहू नये. ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर खाचांतून पाणी बाहेर फेकण्याची क्षमता झपाट्याने घटते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी बरीच पुढे जाऊन थांबते. सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला पाणी साचते, तिथे चाक पाण्यावर तरंगले तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही हातचे जातात.

अंबाझरी_किनारा:

समृद्धीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि तेव्हापासून 'सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात' हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येते. रस्ता सिमेंटचा असल्यामुळे धडधाकट टायर फुटत नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि सुटतो, त्या दबण्यातून आतल्या थरांत उष्णता निर्माण होते, आणि ती बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने साठत गेली की नक्षीचा थर आतल्या पट्ट्यांपासून सुटू लागतो. शहरात आपण सिग्नलवर थांबतो, वेग कमी असतो, त्यामुळे हाच दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि थांबण्याचे कारण फारसे येत नाही. जुने रबर, कमी हवा, पूर्ण भरलेली गाडी आणि मे महिन्याची दुपार हे सर्व तिथे एकत्र येते. परिवहन विभागाने २०२३ मध्ये महामार्गाच्या नागपूरकडील टोकाला गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली ती याच कारणाने.

तुमच्या मागच्या टायरवर १९० चा वेग छापलेला असला तरी तो योग्य हवा असलेल्या, न वाळलेल्या टायरसाठी असतो. भेगा पडलेल्या दशकभराच्या टायरला तो आकडा लागू होत नाही. त्या टायरवर आईला आणि मुलांना घेऊन नाशिकला जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

गिट्टीखदान_चौक:

आता कंपनीविषयी. एकाच टायरमध्ये दीर्घ आयुष्य, ओल्या रस्त्यावरची पकड, शांतता आणि इंधनाची बचत हे सर्व पूर्णपणे मिळत नाही. आयुष्य वाढवण्यासाठी रबर कडक केले की पकडीचा काही भाग सोडावा लागतो, आणि म्हणून आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. सिएटचा मायलेझ, अपोलोचा अ‍ॅमेझर फोरजी लाइफ आणि ब्रिजस्टोनचा स्टर्डो यांचा भर आयुष्यावर आहे. मिशेलिनचे टायर ओल्या रस्त्यावर आणि आवाजाच्या बाबतीत मला सरस वाटले, मात्र किंमत जास्त आणि भिंत त्या मानाने नाजूक. एमआरएफ आणि जेके टायर आपल्याकडे गावोगावी मिळतात, आणि प्रवासात एखादा टायर कापला गेला तर त्याच नक्षीचा जोडीदार मिळणे, ही बाब माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रोज शहरात आणि वर्षातून दोनदा महामार्गावर जाणाऱ्या कुटुंबासाठी मी अति कडक, टॅक्सीच्या उपयोगाचे टायर टाळीन आणि पकड व आराम यांचा मेळ असलेला मधला पर्याय घेईन.

काही टायरवर ट्रेडवेअर, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, ३०० किंवा ४०० असा आकडा असतो. तो कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना त्यावरून करावी. दोन निरनिराळ्या कंपन्यांची तुलना करू नये. भिंतीवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी, कारण देशात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरला ते बंधनकारक आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये घर्षणामुळे होणारा इंधनखर्च, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींसाठीही मानके अधिसूचित केली. जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले किंवा 'थोडेच वापरलेले' म्हणून मिळणारे टायर मोटारीला घालू नयेत, मग ते कितीही स्वस्त मिळोत. नव्या टायरवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

मानेवाडा_रोड:

आपण सर्वांनी दिलेली माहिती वाचून चारही टायर बदलण्याची निकड समजली. तरी एक अडचण मोकळेपणाने मांडतो. गाडी नुकतीच घेतल्यामुळे या महिन्यात चार टायर आणि सस्पेन्शनचे काम दोन्ही एकदम करणे जड जाईल. आत्ता दोन आणि दोन महिन्यांनी दोन असे केले तर चालेल का? चालत असेल तर नवे टायर पुढे घालावेत की मागे?

हिंगणा_नाका:

गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, ब्रेकचा भारही पुढे येतो आणि स्टिअरिंगही पुढेच. म्हणून नवे दोन्ही पुढे घाला. मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे आणि आमच्याकडे सर्वजण असेच करतात.

चाकोरी:

हिंगणा_नाका यांच्या अनुभवाचा आदर राखून या मुद्द्यावर असहमती नोंदवतो. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, ड्रायव्हरला ते स्टिअरिंगवर लगेच जाणवते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतल्यावर बहुधा ती सावरते. मागचे टायर घसरले तर गाडीची शेपटी बाहेर फिरते आणि सामान्य ड्रायव्हरला ती सावरणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असली तरी जास्त नक्षीचे टायर मागे घालावेत, असे टायर कंपन्याही सांगतात. पुढचे लवकर झिजतात हे खरे आहे, पण ती झीज ठरावीक अंतराने चाके अदलाबदल करून वाटून घेता येते.

परंतु मानेवाडा_रोड, तुमच्या गाडीत हा प्रश्न तितका सोपा नाही. दोन नवे मागे घातले तर पुढे चुकीच्या मापाचे, आतून गुळगुळीत टायर उरतात. पुढे घातले तर मागे दशकभराचे भेगाळलेले उरतात. दोन्हीपैकी एकही जोडी ठेवण्याजोगी नाही. पैशांची ओढाताण असेल तर किमतीत एक पायरी खाली उतरा, पण चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या. अनेक दुकानांत हप्त्यांची सोय असते, तीही विचारून पाहा.

हिंगणा_नाका:

मागच्या चाकांच्या बाबतीत तुमचे म्हणणे पटले. आमच्या गाड्यांना मागे दुहेरी चाके असतात, त्यामुळे आमचा हिशेब निराळा होतो.

ऋतुगंधा:

दुकानात गेल्यावर पैसे देण्यापूर्वी चारही टायरचे आठवड्याचे अंक स्वतः पाहा. सहा महिन्यांच्या आतले मिळाले तर उत्तम. वर्षाहून जुने असतील तर दुसरे मागवायला सांगा, त्यात संकोच करू नका. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या, कारण उत्पादनातील दोषासाठी दावा करायचा झाला तर बिल आणि क्रमांक दोन्ही लागतात. नव्या टायरसोबत रबरी व्हॉल्व्हही नवे बसवून घ्यावेत; जुना व्हॉल्व्ह ठेवला तर त्याच्या मुळाशी हवा हळूहळू झिरपत राहते. टायर यंत्रावरच चढवावा आणि नट हवेच्या बंदुकीने पूर्ण आवळून न टाकता शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, करायला सांगावे, अन्यथा रस्त्यात स्टेपनी बदलायची वेळ आली तर घरातल्या कुणालाच तो नट सुटणार नाही. सुरुवातीचे दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवा, नव्या रबराच्या पृष्ठभागावरचा साच्यातला गुळगुळीतपणा जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही.

पंक्चरच्या बाबतीतही एक सांगते. नक्षीच्या भागातले छोटे भोक आतून ठिगळ व खुंटी बसवून नीट दुरुस्त होते. भिंतीवरचे छिद्र किंवा फुगवटा मात्र दुरुस्त होत नाही, तो टायर टाकूनच द्यावा लागतो.

मानेवाडा_रोड:

आज गॅरेजमध्ये गाडी वर उचलून पाहिली. उजव्या बाजूच्या लोअर आर्मचा बुश फाटलेला निघाला, डावाही सैल आहे. दोन्ही बाजूंचे काम उद्या होईल. टायर चारही घेण्याचे ठरवले. १६५/८० आर १४, भार ८५. वर्धा रोडवरच्या एका दुकानात मधल्या किमतीचे, अलीकडच्या आठवड्यातले चार मिळत आहेत. दुकानदार नायट्रोजन भरण्याचा आग्रह करतो आणि उन्हाळ्यात हवा दोन-तीन पौंड कमी ठेवा असेही सांगतो. हे योग्य आहे का? स्टेपनीचे काय करावे?

अंबाझरी_किनारा:

हवा कमी ठेवण्याचा सल्ला अजिबात मानू नका. पाटीवरचा आकडा गार टायरसाठी असतो, म्हणजे गाडी काही तास उभी असताना, शक्यतो सकाळी. तापमान सुमारे ६ अंशांनी वाढले की दाब साधारण १ पौंडाने वाढतो, त्यामुळे पहाटे ३० भरलेला टायर दुपारी महामार्गावरून आल्यावर ३४-३५ दाखवील. ती वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. त्या वेळी हवा सोडली तर गार झाल्यावर टायर कमी हवेचा होतो आणि वर लिहिलेले उष्णतेचे सगळे चक्र तिथून सुरू होते. पाटीवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर नाशिकला निघताना तो वापरा. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा एक चांगला प्रेशर गेज घ्या आणि दर पंधरा दिवसांनी घरीच तपासा.

स्टेपनीचा टायर न वापरलेला असला तरी वय मागच्या टायरएवढेच आहे. सध्या पंक्चर झाल्यास जवळच्या दुकानापर्यंत हळू नेण्यापुरती ती ठेवा, आणि मे महिन्यात नाशिकला निघण्याआधी त्या रिमवर याच मापाचा पाचवा टायर चढवून घ्या. तोपर्यंत तिच्यातही हवा पाटीपेक्षा चार-पाच पौंड जास्त भरून ठेवा, कारण डिकीत पडून ती उतरत राहते. जास्तीची हवा गरज पडल्यावर सोडता येते.